वाचक विचारतात : कारखान्यातच सजून आलेल्या क्रूझरची किंमत कशी ठरवावी?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांतील बरीचशी पत्रे हार्ले-डेव्हिडसनच्या मर्यादित आवृत्तीच्या क्रूझर मोटरसायकलींविषयी आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. अशा गाडीचे मोल ‘किती बनल्या’ या आकड्यापेक्षा ती कारखान्यातून जशी निघाली तशी कितपत उरली आहे आणि त्याचा पुरावा कोणाकडे आहे, यावर अधिक ठरते, असे माझे मत आहे. उत्तरे त्याच मताच्या आधारे दिली आहेत.

प्रश्न (न्यू जर्सीहून) : मला १९९९ ची एफएक्सआर२ पाहायला मिळाली. ही ९०० पैकी एक आहे, म्हणून साध्या जुन्या हार्लेच्या दुप्पट किंमत द्यावी लागेल, असे विक्रेता म्हणतो. गाडीवर सायलेन्सर, सीट आणि हँडल बाहेरचे आहेत. मूळ भाग आधीच्या मालकाने विकून टाकले, असे तो सांगतो. विक्रेत्याचे म्हणणे खरे मानावे का?

उत्तर : संख्येबद्दल त्याने आपल्याला चुकीचे सांगितलेले नाही. कस्टम व्हेइकल ऑपरेशन्स, म्हणजे ज्याला सारे सीव्हीओ म्हणतात त्या विभागाची सुरुवातच १९९९ च्या एफएक्सआर२ आणि एफएक्सआर३ या दोन गाड्यांनी झाली आणि त्या प्रत्येकी सुमारे ९०० बनल्या. मात्र या गाडीला मागणी का आहे, हे समजल्याशिवाय किमतीचा हिशेब जमणार नाही, म्हणून थोडे मागे जाणे भाग आहे.

साठच्या दशकात अमेरिकेतील हौशी चालक नवी गाडी घरी आणून तिचे मडगार्ड कापत, पुढचा फोर्क लांबवत, टाकी बदलत, आणि या साऱ्या कामाचे पैसे कंपनीला न मिळता गल्लीतल्या गॅरेजवाल्यांना मिळत. १९७१ मध्ये संस्थापकांच्या घराण्यातील विली जी. डेव्हिडसन यांनी मोठ्या एफएल गाडीची फ्रेम आणि इंजिन घेऊन त्यांना कंपनीच्याच लहान स्पोर्टस्टर गाडीचा सडपातळ पुढचा भाग जोडला आणि ‘एफएक्स सुपर ग्लाइड’ बाजारात आली. नावेच्या आकाराची तिची शेपटी त्या वेळी अनेकांना रुचली नाही, पण लोक घरी जे करतात ते कारखान्यानेच करून द्यावे हा विचार रुजला, आणि १९७७ ची लो रायडर व १९८० ची वाइड ग्लाइड त्याच विचारातून आल्या. सीव्हीओ हे त्याचेच पुढचे पाऊल आहे : थोड्या गाड्या, खास रंग, मोठे इंजिन किंवा निवडक भाग, आणि या सगळ्यावर कारखान्याची हमी.

आता एफएक्सआरकडे येऊ. १९८२ मध्ये आलेल्या या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स रबरावर बसवलेले असत आणि फ्रेम इतकी ताठ होती की वळणावर ती इतर मोठ्या हार्लेंपेक्षा विश्वासाने झुके. १९९४ नंतर ती बंद झाली, तेव्हा चालकांना मनापासून वाईट वाटले. त्यामुळे १९९९ मध्ये तीच फ्रेम आणि तेच १३४० सीसीचे इव्होल्यूशन इंजिन घेऊन ती थोड्याच संख्येत परतली, तेव्हा तिच्यामागे आधीपासूनची ओढ होती. मागणी या ओढीची आहे. ज्या गाडीवर कोणाचे प्रेम नव्हते, तिच्या ९०० प्रती असल्या तरी तिला कोणी दुप्पट पैसे देणार नाही.

आणि म्हणूनच मूळ भाग नसणे ही किरकोळ उणीव नव्हे. एफएक्सआर हवी असणाऱ्याला साधी, फेरफार केलेली एफएक्सआर कमी पैशांत मिळते. एफएक्सआर२ साठी तो जास्त पैसे देतो ते कारखान्याने निवडलेल्या भागांसाठी आणि कारखान्याच्या रंगासाठी. आपल्यासमोरच्या गाडीतून त्यातले तीन महत्त्वाचे भाग गेले आहेत, आणि ते शोधून पुन्हा बसवण्याचा खर्च विक्रेत्याने नव्हे, आपण करायचा आहे. तो खर्च आधी अंदाजून किमतीतून वजा करावा. टाकी आणि मडगार्ड यांचा रंग मूळचाच आहे का, हे उन्हात, तिरक्या कोनातून पाहावे. रंग पुन्हा मारलेला असेल तर मी जास्तीचे पैसे देणार नाही, कारण सीटसारखा भाग शोधून मिळतो, पण कारखान्याचा रंग पुन्हा मिळत नाही.

स्टिअरिंगच्या गळ्यावर कोरलेला सतरा अक्षरांचा नंबर टायटलवरच्या, म्हणजे तिकडच्या मालकीच्या दाखल्यावरच्या, नंबराशी ताडून पाहावा आणि त्यातले दहावे अक्षर पाहण्यास विसरू नये. १९९९ साठी ते एक्स असते, २००० साठी वाय. टायटल ‘सॅल्व्हेज’ (मोठ्या नुकसानीमुळे बाद ठरवलेली) किंवा ‘रीबिल्ट’ (तशी गाडी पुन्हा उभी केलेली) असेल तर ९०० पैकी एक असण्याचा फारसा उपयोग उरत नाही. ब्रेकच्या द्रवाविषयीही एक सांगणे आहे : त्या काळच्या हार्लेत सिलिकॉनवर आधारित डॉट ५ असे, आणि पुढे कंपनीने डॉट ४ स्वीकारले. हे दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून मधल्या एखाद्या मेकॅनिकने चुकीचा द्रव घातला आहे का, हे मास्टर सिलिंडर उघडून पाहूनच व्यवहार करावा.

प्रश्न (पुण्याहून) : २०१५ ची सीव्हीओ लिमिटेड विकत घेण्याचा विचार आहे. विक्रेता म्हणतो की नवी असताना गाडीला जवळजवळ पन्नास लाख पडले, शिवाय वर पाच-सहा लाखांचे सामान बसवले आहे, आणि त्यावरून तो किंमत सांगतो. आमच्या घरात यावरून वाद चालू आहे. काय करावे?

उत्तर : घरातल्या वादात मी शंका घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. सीव्हीओ लिमिटेड २०१४ च्या अखेरीस भारतात आली तेव्हा दिल्लीतील शोरूमची किंमत सुमारे ४९ लाख रुपये होती, हे खरे. पण त्या रकमेत मोठा वाटा सीमाशुल्काचा होता. पूर्ण बांधणी होऊन येणाऱ्या मोठ्या मोटरसायकलींवर तेव्हा ७५ टक्के मूळ सीमाशुल्क होते, २०१८ मध्ये ते ५० टक्के झाले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसी व त्यापुढील गाड्यांसाठी ३० टक्क्यांवर आले. या गाडीचे इंजिन १८०० सीसीच्या पुढचे, म्हणजे आज तशीच नवी गाडी आणली तर सरकारला जाणारा हा भाग तेव्हापेक्षा बराच कमी असेल. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरील मोटरसायकलींचा जीएसटी ४० टक्के झाल्याने त्यातला काही फायदा पुन्हा ओसरला आहे, पण मूळ मुद्दा बदलत नाही : विक्रेत्याने २०१५ मध्ये भरलेला कर ही त्याची वस्तू नव्हती, आणि तो आपल्याला विकता येत नाही.

मी हिशेब असा करतो. त्याच वर्षाची साधी अल्ट्रा लिमिटेड आज किती रुपयांना हातोहात जाते, हे दोन-तीन विक्रीतून शोधावे. त्यावर सीव्हीओचा रंग, मोठे इंजिन आणि कमी संख्या यांसाठी काही रक्कम चढवावी. ती किती, हे गाडीच्या अवस्थेवर अवलंबून आहे, पण नवी असतानाचा दोन्ही गाड्यांमधला फरक ती कधीच पूर्ण भरून काढत नाही. बाहेरून बसवलेल्या सामानाचे शून्य रुपये धरावेत. हे विक्रेत्याला कठोर वाटेल, पण आपल्या आवडीचे हँडल दुसऱ्याच्या हाताला बसेलच असे नाही, आणि त्याच्या हौसेचा खर्च आपण का सोसावा?

त्या सामानाविषयी आणखी एक बाब महत्त्वाची आहे, आणि ती आपल्या देशात विशेष तीव्र आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. सीव्हीओ ही जशी कारखान्यातून आली तशीच मान्य झालेली गाडी आहे. एखादा हौशी मालक गॅरेजमध्ये लाखो रुपये घालून जे करतो, ते इथे कायद्याच्या चौकटीत आधीच झालेले असते. हा तिचा मोठा गुण आहे, आणि त्यावर बाहेरचा कर्कश सायलेन्सर बसवला की तोच गुण घालवल्यासारखे होते. मूळ सायलेन्सर विक्रेत्याने जपून ठेवला असेल तर तो गाडीबरोबर मिळण्याची अट घालावी.

गाडी पाहताना सर्व्हिसची नोंद मागावी. त्या काळातील टूरिंग, म्हणजे लांब पल्ल्याच्या, गाड्यांच्या हायड्रॉलिक क्लचसाठी कंपनीने एकाहून अधिक वेळा रिकॉल काढले, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, म्हणून ती दुरुस्ती झाल्याची नोंद असावी. २०२० मध्ये हार्लेने भारतातील स्वतःचे उत्पादन आणि विक्री थांबवली आणि पुढे विक्री-सेवेची जबाबदारी हिरो मोटोकॉर्पकडे आली, म्हणून सीव्हीओच्या खास रंगाचे मडगार्ड किंवा बॉक्सचे झाकण तुटले तर ते किती दिवसांत आणि कोठून येईल, हे आधीच सेवा केंद्रात विचारून घ्यावे. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर एनओसी आणि महाराष्ट्रातील कर यांचा खर्च आपल्या हिशेबात घ्यावा, विक्रेत्याच्या नाही.

विम्याबाबत : गाडीचे जाहीर मूल्य, म्हणजे आयडीव्ही, ठरलेल्या घसाऱ्याने उतरते. चौथे वर्ष संपून पाचवे चालू असताना ते ५० टक्क्यांपर्यंत येते, आणि पाच वर्षांनंतर विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. आपल्या गाडीला दहा वर्षे झाली आहेत, त्यामुळे जे मूल्य ठरेल ते छायाचित्रे आणि तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल जोडून पॉलिसीतच लिहून घ्यावे. दावा करतेवेळी तोंडी बोलणे उपयोगी पडत नाही.

प्रश्न (डॅलसहून) : २०२३ ची सीव्हीओ रोड ग्लाइड लिमिटेड अ‍ॅनिव्हर्सरी घेतली आहे. जगात १,५०० च आहेत. न चालवता मुलासाठी गुंतवणूक म्हणून जपून ठेवावी का?

उत्तर : गुंतवणूक म्हणून नाही. १२० व्या वर्षाची ही गाडी खरोखर १,५०० आहे, आणि तिचा रंग अप्रतिम आहे. पण २००३ आठवा : शंभराव्या वर्षानिमित्त त्या वर्षीच्या सर्वच गाड्यांवर शतकाची खूण होती आणि कंपनीने त्या वर्षी सुमारे २,९०,००० मोटरसायकली पाठवल्या. अनेकांनी त्या अंगणात कापडाखाली ठेवल्या. आज त्या फक्त चांगल्या अवस्थेतल्या जुन्या मोटरसायकली आहेत, कारण सगळ्यांनीच त्या जपल्या. आपल्या गाडीची संख्या कमी आहे, म्हणून तिची स्थिती तितकी वाईट होणार नाही, पण वीस वर्षे विमा, जागा, बॅटरी आणि टायर यांचा खर्च धरला तर वाढीव किमतीतून काही हाती लागेलच असे मला वाटत नाही. शिवाय २०२३ मध्येच कंपनीने १,९७७ सीसीचे नवे १२१ व्हीव्हीटी इंजिन नव्या सीव्हीओ गाड्यांत आणले. तांत्रिकदृष्ट्या आपली गाडी आधीच्या पिढीची शेवटची आहे. काहींना तेच हवेसे वाटेल, इतरांना नाही.

गाडी चालवावी, पण तिचे सगळे कागद, दोन्ही किल्ल्या, मूळ कव्हर आणि काढलेला प्रत्येक स्क्रूसुद्धा जपून ठेवावा. विमा मात्र ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ प्रकाराचा घ्यावा. नेहमीच्या पॉलिसीत कंपनी घसारा वजा करून बाजारभाव देते. मान्य मूल्याच्या पॉलिसीत दोघांनी आधी ठरवलेली रक्कम मिळते. ‘स्टेटेड अमाउंट’ हा शब्द त्याच्याजवळचा वाटतो, पण त्यात कंपनीला कमी रक्कम देण्याची मुभा असू शकते, म्हणून शब्द नीट वाचावेत.

प्रश्न (पणजीहून) : पावसाळ्यात माझी मोठी क्रूझर चार महिने उभी राहते. समुद्राच्या हवेत काय काळजी घ्यावी?

उत्तर : गाडी उभी करण्याआधी धुवून, पूर्ण वाळवून क्रोमवर मेणाचा थर द्यावा आणि प्लास्टिकच्या झाकणाऐवजी हवा खेळणारे कापड वापरावे, कारण प्लास्टिकखाली अडकलेला ओलावा खाऱ्या हवेपेक्षाही लवकर गंज आणतो. आता पंपावरचे पेट्रोल ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले, आहे आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढते. टाकी अर्धी ठेवली तर वरच्या रिकाम्या जागेत ओलावा साठतो, म्हणून ती काठोकाठ भरून पेट्रोल टिकवणारा स्टॅबिलायझर घालावा, आणि इंजिन दहा मिनिटे चालवून ते मिश्रण इंजेक्टरपर्यंत पोहोचू द्यावे. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर फ्लोट बाउल, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी, रिकामा करणे अधिक बरे. बॅटरीला तिचा चार्ज राखणारा स्वयंचलित मेंटेनर जोडून ठेवावा. महिन्यातून एकदा गाडी नुसती पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याची सवय अनेकांना आहे, पण त्यात इंजिन पुरेसे तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी राहते. त्यापेक्षा उघडीप मिळेल त्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणावी. टायरच्या बाजूला चार आकडी संख्या असते, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. गाडी दोन हजार किलोमीटरच फिरली असली तरी ते वर्ष सात-आठ वर्षांमागचे असेल तर टायर बदलूनच पुढचा प्रवास करावा.