एवढ्या वर्षांनी परत येताय, तर चौघं एका खोलीत वाजवा

तुमचा प्रश्न वाचला आणि दोन्ही डेमो आधी हेडफोनवर, मग मोठ्या स्पीकरवर ऐकले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: ठाण्याचा चौघांचा गॅरेज रॉक बँड. २०१९ मध्ये एक ईपी (छोटा अल्बम) काढली, मग टाळेबंदी आली, जुना ड्रमर नोकरीसाठी बाहेर गेला, आता नवा ड्रमर आहे. नऊ मराठी गाणी तयार आहेत. एक स्टुडिओवाला म्हणतो, ड्रम्स संगणकावर प्रोग्राम करू, बाकीच्यांनी आपापले ट्रॅक घरून पाठवा, मी सगळं चकाचक करून देतो. दुसरा पर्याय म्हणजे वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतला तुमचा नेहमीचा जॅमपॅड, म्हणजे तालमीची खोली. पैसे एकाच गोष्टीला पुरतील, तर अल्बम कुठे रेकॉर्ड करायचा?

जॅमपॅडवर जा. मला यात जराही शंका नाही.

कारण तुमच्या दुसऱ्या डेमोतच आहे. ध्रुवपदाच्या आधीच्या दोन मात्रांत ड्रमर किंचित पुढे सरकतो, स्नेअर (ड्रमरच्या समोरचा कडक वाजणारा ड्रम) जड पडते आणि दोन्ही गिटार त्याच्या मागोमाग धावतात. तुम्ही लिहिलंय की तिथे लय सुटते. अहो, गाणं तिथेच तर उभं राहतं! क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर, प्रोग्राम केलेल्या ड्रम्सवर ही जागा सपाट होईल आणि उरेल ते कुठल्याही बँडचं असू शकेल. पहिल्या डेमोत प्रत्येकाने वेगळं वाजवलंय आणि ते ऐकूही येतं. सगळं जागच्या जागी आहे, पण कोणी कोणाचं ऐकत नाहीये.

या संगीताचा जन्मच तसा आहे. अमेरिकेत साठच्या दशकात शाळा-कॉलेजातली पोरं घरच्या गॅरेजमध्ये तालमी करायची आणि मिळेल त्या स्टुडिओत भराभर रेकॉर्ड करून मोकळी व्हायची. टॅकोमाच्या 'द सॉनिक्स'चा १९६५ चा पहिला अल्बम ऐका. दोन ट्रॅकची टेप, ड्रम्सना मोजून एक माइक, आवाज फाटलेला, तरी आजही अंगावर येतो. आणि तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं पुढेच आहे. हाच बँड जवळजवळ अर्ध्या शतकाने, २०१५ मध्ये, नवा अल्बम घेऊन आला तेव्हा त्यांनी डेट्रॉइटचा निर्माता जिम डायमंड याच्याकडून तो मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा वेगळा न करता, करून घेतला. हाताशी आजची सगळी यंत्रणा असताना. परत येताना आपला आवाज कोणता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडचं उदाहरण इंडस क्रीडचं. मुंबईचा हा बँड १९९७ मध्ये थांबला, २०१० मध्ये पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व' आला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया जुने, बास आणि ड्रम्सवर नवी माणसं. तो अल्बम त्या वेळच्या पाच जणांचा वाटतो, नव्वदच्या दशकाची नक्कल वाटत नाही. म्हणून नव्या ड्रमरला जुन्या ड्रमरसारखं वाजवायला सांगू नका. तुमच्या डेमोत तो दोन ठिकाणी तसं करायला जातो आणि तिथेच अडखळतो.

आता कामाचं. ड्रम्सना चार माइक पुरे, इंग्लिश साउंड इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या पद्धतीने. एक माइक स्नेअरच्या वर साधारण मीटरभर उंचीवर, दुसरा ड्रमरच्या उजवीकडे, फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या ड्रमच्या) पलीकडून हाय-हॅटच्या (जोडझांजेच्या) दिशेने पाहणारा, तिसरा पायाने वाजणाऱ्या किक ड्रमला, चौथा स्नेअरला जवळून. पहिल्या दोन माइकचं अंतर स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारखं हवं. सुतळीचं एक टोक एकाने स्नेअरवर धरायचं, दुसऱ्याने ती पहिल्या माइकपर्यंत ताणून गाठ मारायची आणि तीच गाठ दुसऱ्या माइकला लावून बघायची. आवाजाला एक फूट कापायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, त्यामुळे वीतभर फरकानेही स्नेअर पोकळ वाजायला लागते. या सुतळीवर वेळ घालवा. नंतर सॉफ्टवेअरच्या कुठल्याही प्लगइनने ती पोकळी नीट भरत नाही.

गिटारसाठी मोठे अँप (अँप्लिफायर) आणू नका. दहा-पंधरा वॅटचा ट्यूब अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) पूर्ण ताणला की जो आवाज देतो, तो शंभर वॅटचा अँप आवाज दोनवर ठेवून मिळत नाही. समोर एसएम ५७ माइक, जाळीला जवळजवळ चिकटून, स्पीकरच्या शंकूच्या मध्यावर न ठेवता जरा कडेला. दोन्ही अँप ड्रम्सकडे पाठ करून ठेवा, मध्ये गाद्या उभ्या करा. बास अँप-माइकशिवाय, केबलने थेट लाइनमध्ये घ्या. तरीही सगळं एकमेकांच्या माइकमध्ये शिरणारच, ते शिरू द्या. चौघं एका खोलीत आहेत हे ऐकणाऱ्याला त्यातूनच कळतं. फक्त याची एक किंमत आहे: गिटारवाल्याचा एक सूर चुकला तर तेवढाच बदलता येत नाही, अख्खा टेक, म्हणजे गाण्याचं सलग रेकॉर्डिंग, पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून रेकॉर्डिंगआधी महिनाभर त्याच खोलीत तालीम करा, फोनवर रेकॉर्ड करून घरी ऐका. गाण्याचे तीन-चार टेक झाले आणि जमलं नाही, तर पुढच्या गाण्याकडे वळा. दहाव्या टेकला सूर बरोबर येतात, पण जोर गेलेला असतो. गायन नंतर वेगळं घ्या, मराठी शब्द स्वच्छ कळायलाच हवेत. यात मात्र ढिलाई नको.

वागळेच्या गाळ्यांत दोन अडचणी येतात. पहिली विजेची. शेजारी वेल्डिंग किंवा कॉम्प्रेसर चालू असला की सिंगल कॉइल गिटारमधून (जिच्या पिकअपमध्ये तारेचं एकच वेटोळं असतं) घूं सुरू होते. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि शेजारच्या गाळ्याची सुट्टी कधी ते विचारून तोच दिवस धरा. दुसरी अडचण पावसाची. पत्र्यावर सर लागली की ड्रम्सच्या वरच्या माइकमध्ये दुसरं काही ऐकू येत नाही, आणि दमट हवेत गिटारची मान हलते, ट्यूनिंग टिकत नाही. दिवाळीनंतर करा. एवढी वर्षं थांबलात, अजून थोडे महिने थांबा.

मिक्स करणाऱ्याला गाण्यातले चढउतार चेपून आवाज मोठा करायला सांगू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीवर आणून वाजवतं, त्यामुळे चेपलेलं गाणं तिथे मोठं वाजत नाही, नुसतं निर्जीव वाजतं.

प्रश्नात तुम्ही एका ओळीत उरकलेली गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते: नऊपैकी दोन गाण्यांच्या चाली जुन्या ड्रमरसोबत बांधलेल्या आहेत. 'तो काही म्हणणार नाही' यावर जाऊ नका. चाल दोघांनी मिळून केली असेल तर हक्कही दोघांचा, आणि तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर आपल्या कायद्याप्रमाणे ते लेखी लागतं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते. पण हक्क लिहून घेण्याची गरजच काय? प्रत्येक गाण्यापुढे शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती, एवढं एका कागदावर लिहा, त्याच्यासकट सगळ्यांच्या सह्या घ्या आणि त्याचं नाव मानाने छापा. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे नोंदणी करतानाही हेच वाटे विचारतात. मैत्री टिकवायची असेल तर हा कागद रिलीजच्या आधी व्हायला हवा.

स्ट्रीमिंगच्या पैशावर हिशेब बांधू नका. स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला २०२४ पासून काहीच मिळत नाही. ज्यांना खरंच विकत घ्यायचंय त्यांच्यासाठी बँडकॅम्प या संगीत विकायच्या साइटवर ठेवा, तिथे डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कापतात. नऊच्या नऊ गाणी एकदम काढावीत असं माझं मत. आधी एक गाणं पुढे सोडा, पण परत येणाऱ्या बँडने तुकड्यातुकड्याने येऊ नये. स्पॉटिफायच्या संपादकांच्या प्लेलिस्टसाठी गाणं किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं, तुम्ही महिनाभर आधीच अपलोड करून ठेवा.

गिगसाठी नाट्यगृह घेऊ नका. बांधीव खुर्च्यांत बसून हे संगीत ऐकायचं नसतं. लहान, उभं राहून ऐकायची जागा बघा, संध्याकाळी साडेसहाला सुरू करा आणि साडेनऊला संपवा. उघड्यावर असेल तर रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, आणि पनवेल-कल्याणच्या पोरांना परतीची गाडीही गाठायची असते. हा गिग अल्बमच्या दिवशी न ठेवता दोन-तीन आठवड्यांनी ठेवा. गाणी मराठी आहेत, लोक सोबत गातील, पण ओळी पाठ व्हायला तेवढा वेळ द्या.