वाचक विचारतात : विलीनीकरणाची तारीख कोणती धरायची?

प्रश्न : 'हैदराबाद संस्थान भारतात केव्हा विलीन झाले?' याला सराव परीक्षेच्या उत्तरतालिकेत १७ सप्टेंबर १९४८ दिलंय. पर्यायांत २६ जानेवारी १९५० सुद्धा होतं, मी तेच निवडलं. हरकत घ्यावी का?
– परीक्षार्थी, परभणी

उत्तर : घ्या, पण 'माझंच बरोबर' असं लिहून नको. आपल्याकडे शाळेपासून १७ सप्टेंबरचं झेंडावंदन अंगवळणी पडलेलं, त्यामुळे पेपर काढणारेही क्रियापद न पाहता तीच तारीख टाकून मोकळे होतात. घटनाक्रम असा : १३ सप्टेंबरला लष्करी कारवाई सुरू झाली, १७ ला निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली, १८ ला त्याचे सेनापती एल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली. निजामाने भारताची राज्यघटना मान्य केल्याचं फर्मान निघालं नोव्हेंबर १९४९ मध्ये, आणि २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद 'ब' वर्गाचं राज्य झालं. 'मुक्त झाले' विचारलं असतं तर १७ सप्टेंबरला तोड नव्हती. 'विलीन' म्हटल्यावर दोन्ही तारखांना आधार सापडतो, म्हणून मागणी एकच ठेवा : दोन्ही पर्याय ग्राह्य धरा, नाहीतर प्रश्न रद्द करा. रद्द झाला तरी वजा गुण वाचतात.

पुरावा म्हणून क्लासच्या नोट्स जोडू नका, त्यांना कोणी विचारत नाही. शासकीय गॅझेटियर, पाठ्यपुस्तक किंवा नावाजलेला संदर्भग्रंथ घ्या. मुखपृष्ठ, आवृत्तीचं साल असलेलं पान आणि संबंधित पान अशी तीन पानं स्कॅन करा, नेमकी ओळ अधोरेखित करा. पुष्कळ हरकती एका क्षुल्लक कारणाने वाया जातात : संच 'ब' चा असतो आणि प्रश्नक्रमांक 'अ' संचाचा लिहिला जातो. मुदत संपल्यावर मात्र पुरावा कितीही भक्कम असला तरी उपयोग नाही.

प्रश्न : शिवजन्माचा शक १५५१. त्यात ७८ मिळवले की १६२९ येतं, तालिकेत १६३० कसं?
– अंबाजोगाई

उत्तर : तालिका बरोबर आहे. शक चैत्रात बदलतो, इंग्रजी साल जानेवारीत. जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे जानेवारी उलटून गेलेला. तिथे ७९ मिळवायचे. राज्याभिषेक ज्येष्ठातला, म्हणून शक १५९६ मध्ये ७८ मिळवून १६७४ येतं. आधी महिना बघा, मग बेरीज करा. जुन्या पुस्तकांत दिसणारं १६२७ हे या बेरजेतून आलेलं नाही. तो वेगळ्या तिथीचा, वैशाख शुद्ध द्वितीयेचा, जुना वाद. शासनाने १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख स्वीकारली असल्याने त्यावर हरकत टिकणार नाही.

प्रश्न : मराठवाड्याचे जिल्हे पाच की आठ?
– जालना

उत्तर : साल विचारलंय का ते पाहा. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आले ते पाच : औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. प्रश्नात साल नसेल तर आठ.