तुटलेलं जेडचं कडं

प्रश्न : सिंगापूरच्या माझ्या चिनी सासूबाईंनी लग्नात दिलेल्या जेड या मौल्यवान दगडाच्या कड्याचे दोन तुकडे झाले. चिकटवून घेऊ का?

उत्तर : नुसतं चिकटवू नका, कडं रोज कुठे ना कुठे आपटतंच. चिनी कारागीर तुकड्यांच्या टोकांवर सोन्याची टोपणं चढवतात. एका जोडाला बिजागरी, दुसऱ्याला खिट्टी. कडं उघडतं, साबण चोळून मनगटावर चढवायची कटकट संपते. मला तर ते आधीपेक्षा देखणं वाटतं! (२००८च्या बीजिंग ऑलिंपिकच्या पदकांतही धातूत जेड बसवलं होतं.) टोपणाचं झाळकाम (धातू तापवून सांधणं) मात्र दगडापासून लांब, आधीच उरकायला सांगा, आच लागली तर जेडला नवी चीर जाऊ शकते. टोपण शेवटी इपॉक्सी या पक्क्या चिकटद्रव्याने बसवतात. नक्षी साधी ठेवा, एवढ्याशा जोडावर ड्रॅगन कशाला? तुकडे कापसात वेगवेगळे गुंडाळून न्या, एकमेकांवर आपटले तर आणखी टवके उडतील.