नेट सारखं तुटतंय? आधी ब्राउझर सोड, राउटर बघ

अरे, क्रोम तीनदा काढून परत टाकलंस म्हणतोस, पण बहुतेक वेळा घोळ ब्राउझरमध्ये नसतोच. नेट गेलं की लगेच त्याच वायफायवर मोबाईलमध्ये एखादी साइट उघडून बघ, मोबाईल डेटा मात्र बंद ठेव, नवीन माणूस हेच विसरतो आणि सगळा अंदाज चुकतो.

मोबाईलवरही बंद? मग राउटर. एलओएसचा (म्हणजे सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर फायबरच्या लाइनचा प्रॉब्लेम आहे, सरळ तक्रार कर. दिवे नीट असतील तर राउटरचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांब आणि चालू कर. बारीक भोकातलं रीसेट पिनने दाबू नकोस हां, लॉगिनसकट सगळं सेटिंग उडतं.

फक्त कॉम्प्युटरवरच जात असेल तर:
- लॅन केबल, म्हणजे राउटर ते कॉम्प्युटर वायर, लावून बघ. त्यावर नीट चाललं तर घोळ वायफायच्या सिग्नलचा. आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात भिंती जाड आणि राउटर लोखंडी कपाटामागे, तो नुसता बाहेर काढून उंचावर ठेवला आणि तुटणं थांबलं.
- इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरची खासगी विंडो, तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात) नीट चाललं तर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी जादा सॉफ्टवेअर, एकेक बंद कर.

डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) नादाला आत्ता लागू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल. जमेल तुला, आज रात्री करून सांग.