नोटिसीचे 13,000 पाउंड विसरा, आधी पॉलिसी परत करा

प्रश्न : वय 39, राहणार स्लाउ, इंग्लंड. आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना) आहे. पूर्ण सात वर्षं काम केलेली कंपनी लिक्विडेशनमध्ये (दिवाळं निघून विसर्जनात) गेली आणि 6 फेब्रुवारी 2026 ला सगळ्यांना काढलं. पगार आठवड्याला 1,000 पाउंड, करारात तीन महिन्यांची नोटीस. कंपनी बुडाली तर नोटिसीचा पगार सरकार देतं असं कळलं, म्हणजे 13,000 पाउंड. पुण्यातल्या एजंटकडून हमी परताव्याची पॉलिसी घेतली आहे : दहा वर्षं दरसाल 5 लाख रुपये भरायचे, मग बाराव्या वर्षाच्या अखेरीपासून दहा वर्षं दरसाल 9 लाख मिळणार. पहिला हप्ता बचतीतून भरला, पॉलिसी 30 जानेवारीला ईमेलवर आली. नोटिसीच्या पैशांतून पुढचे तीन हप्ते बाजूला काढू की एनआरई (अनिवासी भारतीयांच्या रुपया खात्यातली) मुदत ठेव करू? (950 पाउंडांची नवी नोकरी 23 फेब्रुवारीपासून मिळते आहे, पण नोटिसीचे पैसे बुडू नयेत म्हणून 30 मार्चला रुजू होईन म्हणतो. खात्यात सध्या 1,800 पाउंड आहेत.)

उत्तर : हप्ते की ठेव, हा प्रश्नच उरत नाही, कारण 13,000 येणार नाहीत. नॅशनल इन्शुरन्स फंडातून रिडंडन्सी पेमेंट्स सर्व्हिस हे सरकारी खातं जे देतं ते कायद्यातल्या किमान नोटिसीचं, करारातल्या नव्हे. दोन वर्षांच्या नोकरीनंतर दर पूर्ण वर्षाला एक आठवडा, जास्तीत जास्त बारा. तुमचे सात. आठवड्याचा पगार कितीही असो, तुमची नोकरी गेली त्या वर्षासाठी 719 पाउंडांच्या वर धरत नाहीत. सात गुणिले 719, म्हणजे 5,033, तेही कर वगैरे कापण्याआधी. उरलेल्या रकमेचा दावा लिक्विडेटरकडे (कंपनीचा हिशेब मिटवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) विनातारण धनको म्हणून नोंदवा जरूर, पण पाउंडामागे काही पेन्स आले तरी नशीब समजा.

हे 5,033 सुद्धा पूर्ण मिळत नाहीत. नोटिसीच्या काळात दुसरीकडे कमावलेला पगार त्यातून वजा होतो. बेकारभत्ता (न्यू स्टाइल जेएसए, 2025-26 मध्ये आठवड्याला सुमारे 92 पाउंड) तुम्ही मागितलाच नाही, तरी मिळाला असता असं धरून तो कापू शकतात. म्हणून नोकरी सुटली की लगेच अर्ज करायचा असतो. केला नसेल तर आज करा.

आता 30 मार्चचा बेत. पाच आठवडे घरी बसलात तर 4,750 पाउंडांच्या पगारावर पाणी सोडाल. कशासाठी? पाच गुणिले 719, म्हणजे 3,595 वाचवायला. शिवाय हातात आलेली नोकरी लांबवलीत हे दिसलं की तेवढ्या आठवड्यांचे पैसे नाकारले जाऊ शकतात, कारण नुकसान कमी करण्याची जबाबदारी कामगारावर असते. 23 तारखेला रुजू व्हा. मग नोटिसीचे म्हणून साधारण दोन आठवड्यांचे, हाती हजारेक पाउंड पडतील, तेवढेच धरून चाला.

पत्रात जे पैसे कुठेच मोजलेले नाहीत, ते मात्र खरे आहेत. रिडंडन्सी पे, म्हणजे पदच रद्द झाल्याची भरपाई : 22 ते 40 वयातल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवडा, म्हणजे पुन्हा 5,033 पाउंड, करमुक्त, आणि नवी नोकरी लागली तरी कापले जात नाहीत. थकलेला पगार आठ आठवड्यांपर्यंत आणि न घेतलेली रजा सहा आठवड्यांपर्यंत त्याच मर्यादेत मिळते. या सगळ्याचा अर्ज आरपी-1. त्यासाठी लिक्विडेटरकडून सीएन ने सुरू होणारा क्रमांक घ्या. तो अर्ज गेल्यावर एलएन क्रमांक मिळतो, आणि त्याच्या आधारे नोटिसीचा आरपी-2 भरतात, तोही नोटिसीची मुदत संपल्यावर, म्हणजे 27 मार्चनंतर. नुसती नोटिसीची वाट बघत आरपी-1 भरायचा राहून जाणारे लोक बरेच. रिडंडन्सीसाठी नोकरी गेल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. शेवटच्या काही पगारपत्रकांवर पेन्शनची कपात दिसते पण पेन्शन खात्यात जमा नाही, असं असेल तर लिक्विडेटरला लेखी कळवा. तो दावा तुम्ही नव्हे, ते किंवा पेन्शन योजना करते.

आणि आता न विचारलेलं. नोकरी डळमळीत असताना तुम्ही बचतीतले 5 लाख, म्हणजे सुमारे चार हजार पाउंड, एकवीस वर्षांच्या कराराला बांधून टाकलेत. एजंटने बहुधा ‘50 लाखांवर दरसाल 9 लाख, म्हणजे 18 टक्के’ असं सांगितलं असेल. हा निव्वळ शब्दांचा खेळ आहे. प्रत्येक 5 लाखांचे बारा वर्षांनी 9 लाख होतात, बस्स. बारा वर्षांत दुप्पट व्हायला 6 टक्के लागतात. इथे तर दुप्पटही नाही. परतावा 5 टक्के. भारतात करमुक्त म्हणून विकलेला हा नफा तुम्ही ब्रिटनचे रहिवासी असताना हाती आला तर तिथे करपात्र ठरतो, आणि रुपयाच्या घसरणीची हमी कोणीच देत नाही.

पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. तुमचे 30 दिवस 1 मार्चला संपतात आणि तो रविवार आहे. 27 फेब्रुवारीच्या आत थेट विमा कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल करा : पॉलिसी क्रमांक, ‘फ्री लुक’ मुदतीत रद्द करत आहे हे स्पष्ट वाक्य, रद्द केलेला चेक. हप्ता एनआरई खात्यातून गेला असेल तर परतावाही त्याच खात्यात मागा. पोच मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवा. स्टँप ड्यूटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा आकार कापून बाकी रक्कम परत येते. एजंटच्या हातात काही देऊ नका. ‘एक वर्ष थांबा, मग सरेंडर करू’ हे तो हमखास म्हणेल. वर्षानंतर हप्त्याचा मोठा भाग गेलेला असतो आणि त्याचं कमिशन खिशात.

परत आलेले पैसे आणि रिडंडन्सीची रक्कम मिळून नऊ हजारांच्या आसपास होतील. ते तिथल्याच बँकेत, हवे तेव्हा काढता येतील असे ठेवा. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी ब्रिटनमध्ये ते दाखवावं लागतं, त्यामुळे तीही आत्ता नको. नव्या नोकरीत दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत तुम्हाला रिडंडन्सीचा एक पेनीही हक्क नाही आणि कायद्याने नोटीसही एकाच आठवड्याची.