डबी तुटली, नाणं शाबूत : आता विकायचं कसं?

प्रश्न : ताई, माझ्या मामांनी तीसेक वर्षं जमवलेले प्रूफ नाण्यांचे (म्हणजे संग्राहकांसाठी काढलेल्या खास चकचकीत नाण्यांचे) संच आता माझ्याकडे आले आहेत. नाणी गोल पारदर्शक कॅप्सूलमध्ये आहेत. पण कपाटाला ओल लागल्याने बरीचशी खोकी फुगली आहेत, दोन डब्यांची बिजागरं निखळली आहेत, एका कॅप्सूलला तडा गेलाय आणि टांकसाळीने संचासोबत दिलेल्या काही प्रमाणपत्रांवर पिवळे डाग पडलेत. मला हे संच ऑनलाइन विकायचे आहेत. मुलगा म्हणतो, रिकाम्या नव्या डब्या मिळतात, त्यात घाला आणि मोकळे व्हा. तसं करू? की खोकी टाकून नुसती नाणी विकू?

उत्तर : टाकू तर मुळीच नका. फुगलेलं असलं तरी ते त्या संचाचं स्वतःचं खोकं आहे. संच घेणाऱ्यातले निम्मे लोक नाण्याकडे बघतात आणि उरलेले निम्मे ‘सगळं जसंच्या तसं आहे ना?’ एवढंच विचारतात. या दुसऱ्या मंडळींना फाटकं मूळ खोकं चालतं, खोकंच नसलेलं चालत नाही.

आता मुलाच्या सल्ल्याबद्दल. रागावू नका त्याच्यावर, कारण ही माती मी स्वतः खाल्ली आहे. माझ्याकडे एकाच मालिकेतले दोन संच होते, लागोपाठच्या वर्षांचे. एकाची डबी फुटली होती, दुसऱ्याची नाणी मी आधीच सुटी करून दिली होती. मग काय, चांगली डबी उचलली, त्यात नाणी बसवली, वर त्याच डबीतलं प्रमाणपत्र ठेवलं आणि विकून टाकलं. डब्या दिसायला सारख्याच होत्या हो! घेणाऱ्याने चार दिवसांत फोटो पाठवला : नाण्यावर एक साल, प्रमाणपत्रावर दुसरं. मी पैसे परत केले, दोन्हीकडचा टपालखर्च सोसला आणि वर त्यांचा एक प्रश्न ऐकून घेतला, ‘मग नाणी तरी या संचातलीच आहेत कशावरून?’ उत्तर माझ्याकडे होतं, पण त्यांनी ते का मानावं? डबी फुटलीय एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर तो संच थोड्या कमी किमतीला गेला असता, एवढंच.

म्हणून डबी बदलायचीच असेल तर बदला, पण ‘डबी नंतरची आहे, मूळ डबी मोडक्या अवस्थेत सोबत देत आहे’ असं लिहून बदला. प्रमाणपत्रांची अदलाबदल मात्र कधीच नको. त्यांच्यावर अनेकदा क्रमांक असतो. डाग पडलेलं खरं प्रमाणपत्र स्वच्छ पण दुसऱ्या संचाच्या प्रमाणपत्रापेक्षा केव्हाही बरं.

पण विकण्याच्या आधी मला तुमच्या खोक्यांपेक्षा नाण्यांची काळजी वाटते. जी ओल पुठ्ठ्यात शिरली ती कॅप्सूलमध्ये शिरली नसेलच असं नाही. प्रूफ नाणं म्हणजे आरशासारख्या घासलेल्या ठशांनी एकाहून जास्त वेळा ठोकून काढलेलं नाणं; त्याची सपाट जागा चकाकते, चित्र पांढुरकं दिसतं. अशा पृष्ठभागावर काहीही लपत नाही. एकेक कॅप्सूल दिव्याखाली धरा आणि सावकाश तिरपी करा. ओरखडा प्लास्टिकवर असेल तर कॅप्सूल हलवताना तो नाण्यावरच्या चित्रापासून सरकल्यासारखा दिसतो. नाण्यावर असेल तर चित्राबरोबरच हलतो. चांदीच्या नाण्याच्या कडेपासून आत येणारी पिवळसर, तपकिरी किंवा निळी झाक दिसली तर तो हवेतल्या किंवा पुठ्ठ्यातल्या गंधकाचा प्रताप. ती झाक कापडाने काढायला जाऊ नका. अगदी मऊ कापडानेही आरशावर केसासारख्या रेघा उठतात आणि जाणकाराला त्या पहिल्या नजरेत दिसतात. शिवाय काही संग्राहक जुन्या पुठ्ठ्यात चढलेल्या अशाच रंगांच्या शोधात असतात. तुम्हाला जो डाग वाटतो त्यासाठी कुणी जास्तही मोजेल. (मला स्वतःला ते रंग कधी फारसे भावले नाहीत, पण तो माझा दोष.)

तडा गेलेली कॅप्सूल तेवढी बदला. त्यातून हवा आत जाते आणि तुकडा निसटला तर नाण्यावरच पडतो. नाण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून त्याच मापाची कडक कॅप्सूल आणा. खाली जाड टॉवेल पसरा, नाणं फक्त कडेला धरा आणि त्यावर वाकून बोलू नका. थुंकीचा बारीकसा थेंबही काही महिन्यांनी ठिपका होऊन वर येतो. जुनी कॅप्सूल फेकू नका, तीही सोबत द्या.

वर्णन लिहिताना ‘जुना संच, थोडी झीज’ असली गुळमुळीत भाषा नको. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं :

‘बाहेरचं खोकं ओलीने फुगलेलं, एक कोपरा सुटलेला. आतल्या डबीचं बिजागर निखळलेलं, झाकण नुसतं वर ठेवता येतं. एका नाण्याची कॅप्सूल तडकल्यामुळे बदलली आहे, मूळ कॅप्सूल सोबत आहे. प्रमाणपत्र याच संचाचं, खालच्या कोपऱ्यात पिवळा डाग. आमच्याकडे आल्यापासून नाणी पुसलेली नाहीत. खोक्याला कुबट वास आहे.’

‘आमच्याकडे आल्यापासून’ हे शब्द मुद्दाम घातलेत. मामांनी कधी पुसली असतील तर ते तुम्हाला कुठे माहीत? आणि वासाचं नक्की लिहा. फोटोत सगळं दिसतं, वास दिसत नाही, आणि डांबराच्या गोळ्यांचा किंवा बुरशीचा वास आला म्हणून लोक वस्तू परत करतात. बुरशी ताजी असेल तर ते खोकं इतर संचांपासून आजच वेगळं करा.

फोटो खोक्यापासून सुरू करा, आणि त्यातही मोडक्या बाजूपासून. मग डबी, प्रमाणपत्र, शेवटी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू. फ्लॅश बंद ठेवा. दोन बाजूंनी मऊ उजेड पडू द्या, नाहीतर चकाकीत तुमचा मोबाइलच दिसेल.

तुमच्या संचांत एखादं नाणं खरोखर दुर्मीळ निघालं तर वेगळा विचार करता येईल. नाण्यांना दर्जा देणाऱ्या संस्था, म्हणजे १९८६ साली सुरू झालेली पीसीजीएस किंवा १९८७ सालची एनजीसी, नाणं मूळ वेष्टनातून काढूनच तपासतात आणि १ ते ७० गुणांच्या मोजपट्टीवर दर्जा लिहून ते सीलबंद प्लास्टिकच्या पेटीत घालतात. विल्यम शेल्डन या अमेरिकी नाणेसंग्राहकाने १९४९ साली जुन्या अमेरिकी सेंटसाठी मांडलेल्या पट्टीवरून ही मोजपट्टी आली. या संस्थांना तुमच्या फुटक्या डबीशी काही देणंघेणं नसतं. मात्र पुसलेल्या नाण्याला सहसा आकडाच मिळत नाही, ‘साफ केलेलं’ असा शेरा बसतो. सामान्य संचांसाठी हा खटाटोप करू नका. तपासणीची फी नाण्याच्या किमतीहून जास्त व्हायची.

प्रश्न : माझ्या संचातली नाणी ज्या मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांत आहेत ते आता चिकट झाले आहेत आणि दोन नाण्यांवर हिरवट थर आलाय. हे मूळ वेष्टन आहे म्हणून तसंच ठेवून विकू का?

उत्तर : नको, आणि उद्यावरही ढकलू नका. तो बहुधा मऊ पीव्हीसी प्लास्टिकचा परिणाम आहे. प्लास्टिक लवचीक राहावं म्हणून घातलेली द्रव्यं पाझरतात, प्लास्टिक विघटताना आम्ल तयार होतं आणि ते तांबं आणि चांदी दोन्हीला खातं. इथे मूळ वेष्टनाचा मोह सोडायचा.

नाणी बाहेर काढा. शुद्ध अॅसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणं त्यात थोडा वेळ नुसतं बुडवून ठेवा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अॅसिटोनमध्ये घालून काढा आणि हवेवर वाळू द्या. घासायचं नाही. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालणार नाही, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको. कॅप्सूल चुकूनही त्या वाटीत टाकू नका, प्लास्टिक विरघळेल. थर निघाल्यावर खाली धातू खाल्लेला दिसला तर तो परत येत नाही. तसा फोटो काढा आणि तसंच लिहा. कप्पे सोबत द्यायचेच असतील तर रिकामे, वेगळ्या पाकिटात.

प्रश्न : मी धडधाकट डबी पाठवली, घेणाऱ्याला फुटकी मिळाली. ते पूर्ण पैसे मागतायत. चूक टपालाची, मी का भरू?

उत्तर : तुम्ही डबी कशात गुंडाळली होती ते पत्रात लिहिलेलं नाही, यावरून मी काय ते समजले. घेणाऱ्याने पैसे तुम्हाला दिलेत, टपालाला नाही, त्यामुळे त्यांच्याशी तुम्हीच बोलायचं. नाणी नीट असतील तर डबीपुरती रक्कम परत देऊ करा. बरेच लोक मानतात. विमा उतरवला असेल तर वेष्टनासकट सगळ्याचे फोटो मागवून घ्या आणि त्यांना काहीही फेकू नका म्हणून सांगा.

पुढच्या वेळी डबीला फुग्यांच्या प्लास्टिकचे (बबल रॅपचे) दोन वेढे द्या, ती एका खोक्यात घाला आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मधल्या जागेत चुरगळलेला कागद दाबून. चिकटपट्टी मूळ डबीला कुठेही लागू देऊ नका. बंद केलेलं खोकं कानाशी धरून हलवा. आत काही खुळखुळलं तर पुन्हा उघडा. बाहेर ‘नाणी’ हा शब्द लिहू नका.