मित्राला त्याची बायको मारते, पण तो कुणाला सांगू देत नाही. मी त्याला कशी मदत करू?

तुम्ही लिहिलंय की मित्राच्या मानेवर ओरखडे दिसले, आधी त्याने मांजराचं निमित्त सांगितलं आणि नंतर एका रात्री फोनवर रडत खरं काय ते बोलला. म्हणजे सगळ्यात अवघड गोष्ट त्याने केली आहे. इथून पुढे बरंचसं तुम्ही कसं वागता यावर आहे.

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. मार खाणारे नवरे माझ्याकडे मारहाणीबद्दल बोलायला येतच नाहीत. म्युच्युअलला, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोटाला, किती महिने लागतील, मुलाचा ताबा मिळेल का, फ्लॅटचं कर्ज कुणी फेडायचं, असं विचारतात. कागद पुढे सरकवताना बाही वर जाते आणि मनगटाच्या वर भाजल्याचा लांबट डाग दिसतो, उलथन्याच्या पात्याएवढा. विचारलं की म्हणतात, "ते सोडा, मॅडम." बहुतेकांनी आधी कुणाला तरी सांगून पाहिलेलं असतं. भावाला, ऑफिसातल्या मित्राला, कधी पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला. "बायकोचा मार खातोस?" हे एकदा ऐकलं की माणूस पुन्हा तोंड उघडत नाही.

म्हणून हसू नका, आणि "तू पण दोन ठेवून दे" असं चुकूनही म्हणू नका. हा सल्ला लोक मायेने देतात आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. रागाच्या भरात दिलेल्या एका फटक्याने समोरच्याचा जीव जाऊ शकतो. तसं झालं नाही तरी मारणारा म्हणून नाव त्याचं लागतं, आणि ते खोटंही नसतं. तुमच्या मित्राने आजवर हात उचलला नसेल तर ते त्याने ठरवून, रोज स्वतःला आवरून केलेलं आहे. त्याला बायल्या म्हणणाऱ्यांना हे कळत नाही, निदान तुम्हाला ते कळतं, हे त्याला बोलून दाखवा.

"इतके दिवस का सहन केलंस?" हेही नको, त्यात आरोप असतो. त्याऐवजी विचारा: घरी जाताना भीती वाटते का? पोरांसमोर होतं का? पगाराचं कार्ड कुणाकडे असतं? कधी चाकू, गरम तेल असं काही हातात घेतलं होतं का? जीव द्यावासा वाटतो का, हे तर सरळ विचाराच, विचारल्याने तो विचार बळावत नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. मारहाण चालू असतानाचा फोन ११२ ला.

आपल्यावरच ही वेळ आली असं त्याला वाटत असेल. हरियाणाच्या ग्रामीण भागात १,००० विवाहित पुरुषांची पाहणी झाली होती, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात निम्म्याहून थोड्या जास्त पुरुषांनी घरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ झाल्याचं सांगितलं. बहुतेक मानसिक होता, शारीरिक मारहाण सहा टक्क्यांच्या आसपास. बायकांवर होणाऱ्या हिंसेशी याची बरोबरी करायची नाही, मला ती करायचीही नाही. पण शंभरातले सहा म्हणजे एखाद्या मोठ्या सोसायटीत कितीतरी घरं झाली.

आता कायदा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तक्रार फक्त स्त्रीला करता येते, तो रस्ता त्याला बंद आहे. पण दुखापत करणं, धमकी देणं हे भारतीय न्याय संहितेत गुन्हेच आहेत, करणारी व्यक्ती बाई असो वा पुरुष. साध्या मारहाणीची बहुधा एन.सी., म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवतात. शस्त्राने किंवा तापलेल्या वस्तूने इजा केली असेल तर प्रकरण दखलपात्र होतं, म्हणजे पोलिसांना थेट गुन्हा नोंदवून तपास करता येतो. ठाण्यात टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज द्यावा आणि आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी. घटस्फोटासाठी 'क्रूरता' हे कारण हिंदू विवाह कायद्यात नवऱ्यालाही तितकंच लागू आहे, आणि त्यात मानसिक क्रूरताही येते. नवरा-बायकोमधलं चोरून केलेलं रेकॉर्डिंग अशा दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे.

पण सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो दवाखान्याचा केस पेपर, आणि तिथेच ही माणसं घात करून घेतात. फॅमिली डॉक्टरला "बाथरूममध्ये घसरलो" सांगतात. डॉक्टर तेच लिहितात, आणि उलटतपासणीत तोच कागद त्यांच्या तोंडावर येतो. पुढच्या वेळी तुम्ही सोबत जा, शक्यतो सरकारी रुग्णालयात, आणि जखम कशी झाली ते त्याला खरं सांगू द्या. फोटो तारखेसह तुमच्याकडेही पाठवून ठेवू देत. आधार, पासबुक, शाळा-कॉलेजचे दाखले यांच्या प्रती आणि एक जोडी कपडे तुमच्या घरी असू देत. रात्री-अपरात्री यावं लागलं तर कारण न विचारता दार उघडाल, हे त्याला आधीच सांगा. पार्किंगमध्ये गाडीत झोपून सकाळी ऑफिस गाठणारे पुरुष मी पाहिले आहेत.

"४९८ टाकीन" ही धमकी त्याने ऐकली असणारच. नवरा आणि सासरच्यांनी बायकोचा छळ केल्याचं ते कलम (४९८-अ) आता न्याय संहितेत ८५ झालं आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्णेशकुमार निकालात बजावलं आहे. रात्रीतून आई-वडिलांना उचलून नेतील ही भीती त्याच्या मनातून काढा आणि लवकर वकिलाला भेटवा. पैशाची अडचण असेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला विचारा, उत्पन्न मर्यादेत असेल तर पुरुषालाही मोफत वकील मिळतो.

चार नातेवाईक बसवून बैठक घ्यायची घाई मात्र नको. अशा बैठकीत "जरा समजून घे रे" एवढंच पदरात पडतं, आणि घरी परतल्यावर सगळ्यांसमोर बोलल्याचा हिशोब होतो. दोघांनाही समुपदेशन हवं असेल तर पोलिसांच्या भरोसा सेलसारखी जागा बरी, तिथे नवऱ्यांच्याही तक्रारी येतात. बायकांना शिव्या घालत बसणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्येही त्याला ढकलू नका. तिथे राग वाढतो, अर्ज कुणी लिहून देत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, वहिनींशी मी बोलू का? नको. तुम्हाला माहीत आहे हे तिला कळलं की भोगावं त्याला लागेल. तो स्वतः म्हणेपर्यंत थांबा आणि रोज एक फोन करत राहा, विषय क्रिकेटचा असला तरी चालेल.